मनगटावरची काळी वाळू

आमच्याकडे कुठलीही वस्तू आधी हातानं जोखतात. पितळेचा डबा असो, पाटल्या असोत, नाहीतर लग्नात आलेला चांदीचा पेला असो. तळहातावर घ्यायची, हात किंचित वरखाली करायचा आणि मगच तोंड उघडायचं. घाटकोपरच्या मामांच्या हातात मी माझं नवं घड्याळ दिलं तेव्हा त्यांचा हात, भरलेली समजून उचललेल्या रिकाम्या बादलीसारखा, भलताच वर गेला.

"आत मशीन आहे ना गं?"

"टायटॅनियमचं आहे, मामा."

"टायटनचं होय! मग ठीक."

टायटनचं नव्हे, टायटॅनियमचं, हे समजावून झाल्यावर त्यांनी किंमत विचारली. ती ऐकल्यावर घड्याळ त्यांनी दोन्ही हातांनी परत दिलं. शंका मात्र चेहऱ्यावर तशीच राहिली. एवढे पैसे मोजायचे आणि हाताला काही लागायचंसुद्धा नाही?

मला नेमकं तेच हवं होतं. पट्ट्याचं घड्याळ मुंबईत पावसाळाभर घालून बघावं. आषाढ संपेपर्यंत चामड्याला वास येतो, कधी बुरशीही धरते. म्हणून चेनचं घ्यावं, तर माझं मनगट निकेलवर रुसलेलं. चांगल्या स्टीलमध्ये निकेल असतं, पण ते सहसा धातूत घट्ट बांधलेलं राहतं. त्रास देतं ते स्वस्त मुलाम्याखालचं, बक्कलातलं, खोट्या कानातल्यांमधलं. एकदा का कातडीनं निकेलशी वैर धरलं, की ते सहसा सुटत नाही. मुलुंडहून निघून घाटकोपरला उतरायचं, पुलावरच्या गर्दीतून मेट्रो गाठायची, अंधेरीला पोचायचं, तेही ऑक्टोबरमध्ये! घड्याळाखाली लाल पुरळाचं कडं उठायचं आणि रात्री खाजेनं झोप नाही. टायटॅनियममध्ये ही भानगडच नाही. त्याला हवा लागली की क्षणात अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी पातळ. खारा घाम, समुद्राचं पाणी, काहीही त्याच्या आत शिरत नाही. ओरखडा उठला तर तिथं नवा पापुद्रा लगेच तयार.

हलकेपणाचा हिशोब सोपा आहे. पाण्याच्या तुलनेत टायटॅनियम साडेचार पट जड, स्टील जवळजवळ आठ पट. म्हणून त्याच मापाची केस आणि चेन स्टीलच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. पण आकड्यांत ही गंमत येत नाही. लेडीज डब्यात एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात पर्स आणि डबा, खांद्यावर कुणाचं तरी डोकं, अशा वेळी मनगटावर काही आहे हे विसरायला होणं म्हणजे काय, ते त्या डब्यातच कळतं. बाबांचं एचएमटी जनता मी कॉलेजात असताना घालत असे. रोज सकाळी चावी द्यायची, कानाला लावायचं. ते घड्याळ 'मी आहे, मी आहे' असं दिवसभर सांगत राही. हे नवं काही सांगत नाही.

या दोन घड्याळांचं नातंही आहे, आणि ते मला फार आवडतं. एचएमटीनं 1961 मध्ये बंगळूरला घड्याळं करायला घेतली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं. आणि टायटॅनियमच्या केसचं जगातलं पहिलं मनगटी घड्याळही सिटिझनचंच, 1970 चं एक्स-8. अख्ख्या मध्यमवर्गाला वेळ दाखवणाऱ्या कारखान्याचे गुरुजी आपल्या घरी चंद्रावर माणूस गेल्याच्या दिवसांतल्या त्या नव्या धातूशी झगडत होते. पाच वर्षांनी सेइकोनं खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी टायटॅनियमचं घड्याळ काढलं, 1980 मध्ये आयडब्ल्यूसीनं पोर्शे डिझाइनबरोबर आपलं. तरीही बाबांच्या पिढीपर्यंत हा धातू मनगटावर आला नाही. विमानात, रॉकेटात असतो म्हणे, एवढीच त्याची ओळख.

खरं तर तो आपल्या पायाखालीच होता. माझं आजोळ रत्नागिरीचं. मांडवीचा किनारा काळ्या वाळूचा, म्हणून तो काळा समुद्र. मिऱ्याच्या अंगाचा तो पांढरा. आम्ही मुलं मोडक्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून त्या काळ्या वाळूतून ओढत असू आणि त्याला दाढी फुटलेली बघून खिदळत असू. चिकटायचे ते बहुतेक मॅग्नेटाइटचे कण. त्यांच्याच सोबतीनं त्या वाळूत इल्मेनाइट असतं, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी काळबादेवीच्या आखातातल्या या साठ्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. ही वाळू येते सह्याद्रीतून. दख्खनच्या बेसाल्टमध्ये शंभरात दोन-तीन भाग टायटॅनियमचा ऑक्साइड असतो. पाऊस दगड झिजवतो, नद्या तो गाळ खाली आणतात, लाटा हलकं ते धुऊन नेतात आणि जड काळं ते मागे ठेवतात.

आमच्यासारखाच उद्योग 1791 मध्ये इंग्लंडातल्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाच्या एका पाद्र्यानं केला होता. ओढ्यातली काळी वाळू, तीही चुंबकाकडे धावणारी. त्यानं ती प्रयोगशाळेत नेली आणि लोखंड बाजूला काढल्यावर उरलेल्या पुडीत एक अनोळखी धातू आहे हे ओळखलं. आम्ही चुंबक पुसून घरी जेवायला गेलो.

म्हणजे अंधेरीत गिल्बर्ट हिलच्या त्या उभ्या काळ्या कड्याखालून रिक्षानं जाताना माझ्या हातात जो धातू असतो, त्याची भावंडं दख्खनच्या लाव्हात साडेसहा कोटी वर्षं निजलेली आहेत. पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या क्रमानं तो नववा. मग महाग का? कारण तो ऑक्सिजनला सोडायला तयार नसतो. लोखंडासारखा कोळशानं सुटत नाही. आधी क्लोरीनची प्रक्रिया करून त्याचं द्रवरूप संयुग करायचं, मग आर्गॉन वायूच्या पहाऱ्यात मॅग्नेशियमनं त्यातलं क्लोरीन ओढून घ्यायचं. दिवसचे दिवस चालणाऱ्या या खटाटोपानंतर हाती येतो तो सच्छिद्र, स्पंजसारखा गोळा. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोलची ही रीत 1940 च्या सुमाराची, आणि अजून मुख्यतः तीच चालते. एवढी दगदग कोण करणार? म्हणून जगातलं बहुतेक टायटॅनियम खनिज धातू होतच नाही. त्याचा पांढरा रंग होतो. आमच्या मुलुंडच्या सोसायटीला दिवाळीआधी पांढरा हात मारला, त्यातला शुभ्रपणा याचाच. टूथपेस्टमध्ये तो, उन्हाच्या मलमात तो. माझ्या घड्याळाचे बहुतेक नातलग भिंतींवर राहतात.

आता उणं बोलायला हवं, आणि ते थोडं नाही. पहिलं म्हणजे रूप. स्टीलचा थंड, पाण्यासारखा लखलखाट याच्याकडे नाही. हा करडा, जरा काळसर, जूनमधल्या दुपारच्या उजेडाचा रंग. मला आवडतो. पण मामेबहिणीच्या लग्नात हिरवा चुडा, तोडे, पाटल्या यांच्या मधोमध तो अगदीच उपऱ्यासारखा दिसला. चेन वाजते तीही बोदी, पत्र्याच्या अंगानं जाणारी. आणि सोन्याची मोड येते, याची येत नाही. मामांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपतो.

दुसरं, ओरखडे. 'टायटॅनियम' म्हटलं की लोकांना वाटतं, आता वज्रच. शुद्ध टायटॅनियमवर चरे स्टीलइतकेच सहज उठतात, कधी जास्त. ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू बराच कणखर असतो. काही कंपन्या वरचा थर वेगळा कठीण करून घेतात. सिटिझनचं ड्युराटेक्ट त्यातलंच. पण त्या थराच्या खाली चरा गेला तर तो काढायला थरच काढावा लागतो. माझ्या चेनवर बक्कलाच्या बाजूला डब्यातल्या दांड्यानं केलेली नक्षी आहे. मी ती मोजत नाही.

तिसरं उणं मला अंधेरी स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्यानं शिकवलं. काचेची पेटी, डोळ्याला भिंग, समोर सेल आणि पट्ट्यांची माळ. चेनच्या दोन कड्या काढायच्या होत्या. त्यानं घड्याळ हातात घेतलं, मामांसारखाच त्याचाही हात वर उडाला, आणि तो हसला. "ताई, हे टायटॅनियम. आटे एकमेकांना धरतात. स्क्रू अडकला तर डोकं तुटेल, मग माझ्या नावानं बोंब नको." खरंच आहे ते. टायटॅनियमवर टायटॅनियम दाबून घासलं की वरचा पापुद्रा फाटतो आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत रुततात. त्यानं थेंबभर तेल सोडलं, वाट बघितली, हातानं जपून फिरवलं. निघाला. पॉलिशचं विचारल्यावर मात्र त्यानं सरळ हात जोडले. हा धातू उष्णता फारशी वाहून नेत नाही, चाकाखाली तापतो, चिकटतो. स्टीलच्या पॉलिशवाल्याकडे देण्यात अर्थ नाही.

उष्णतेची ही सुस्ती मनगटावर मात्र सुखाची. अंधेरीच्या ऑफिसात एसीखाली स्टील जसं गार चटका देतं तसं हे देत नाही, कातडीची ऊब ओरबाडत नाही. फोनमध्ये तोच गुण आड येतो. ॲपलनं 2023 मध्ये आयफोन 15 प्रोला टायटॅनियमची चौकट दिली आणि 2025 मध्ये 17 प्रोला पुन्हा ॲल्युमिनियम आणलं, जे उष्णता चटकन वाहून नेतं.

मेट्रोच्या तपासणीत यंत्र माझ्या मनगटाशी वाजतं. चुंबकाला न जुमानणारा हा धातू त्या यंत्राला चुकवू शकत नाही. मावशी बरोबर असली की यंत्र दोनदा वाजतं, दुसऱ्यांदा तिच्या मांडीशी. तीन पावसाळ्यांपूर्वी ती बोरिवलीच्या बाजारात घसरली आणि हाड मोडलं. आत पट्टी आणि स्क्रू आहेत, टायटॅनियमचेच. हाड या धातूला परकं मानत नाही, अगदी लगटून वाढतं. मावशीनं डॉक्टरांना विचारलं होतं, बरं झाल्यावर हे काढायचं का. ते म्हणाले, त्रास नसेल तर कशाला. हे स्क्रूसुद्धा कधीकधी असे जाम बसतात की काढणं घालण्यापेक्षा अवघड.

मी तिला घड्याळवाल्याची गोष्ट सांगितली. तिनं माझं मनगट हातात घेतलं, चेन खालीवर करून पाहिली.

"हलकं आहे खरं," ती म्हणाली. "पण तुझ्यापेक्षा माझं महाग पडलं. आणि वेळ विचारला तर सांगत नाही मेलं, पाऊस येणार असला की तेवढं सांगतं."