मागं कोण राहिलं?

संग्रहासाठी कुमुदिनी दाबात ठेवली, तर ती काही केल्या नीट वाळत नाही. टीपकागद दिवसातून दोनदा बदलला, तरी तिचा मांसल बुडखा पाणी सोडतच राहतो. पाकळ्या काळवंडतात, चौथ्या दिवशी बुरशी धरते. सेलू-हिंगणघाटकडच्या तळ्यांतून ती मी तीस वर्षं आणतोय. मनासारखे नमुने दोनच निघाले.

यंदा हात थरथरू लागला, म्हणून पातं एका विद्यार्थिनीच्या हाती दिलं. तिनं फूल उकलून भाग ओळीनं मांडले. रुंद पाकळी, मग अरुंद, मग कडेला परागकोशाची पिवळी रेघ असलेली, शेवटी पुंकेसर. मी सवयीनं म्हणालो, "बघ, पाकळी कुठं संपते तेच ठरलेलं नाही. आदिम फूल."

"पण सर, हिच्यात मागास काय आहे? पहिल्या दिवशी ही मादी, दुसऱ्या दिवसापासून नर. स्वतःचे पराग टाळायची केवढी युक्ती!"

वनस्पतिशास्त्रज्ञ बेस्सीचं १९१५ चं सपुष्प वनस्पतींचं वंशझाड मी फळ्यावर अभिमानानं काढत आलो. तळाशी सोनचाफ्याचं कुळ, शेंड्याला सूर्यफुलाचं. आमच्या वाळवलेल्या नमुन्यांची कपाटं मात्र बेंथॅम-हूकरच्या वर्गीकरणाच्या क्रमानं लावलेली. तो क्रम नमुना चटकन सापडावा म्हणून. त्यातही आदिमाकडून प्रगताकडे चढणारी शिडी मीच पाहिली.

डीएनएवरून वनस्पतींची नाती लावणाऱ्यांवर माझा राग होता, थोडा अजून आहे. त्यांच्यातल्या कित्येकांना पान चुरून, वास घेऊन निरगुडी ओळखता येत नाही. पण १९९९ मध्ये त्यांनी न्यू कॅलिडोनियातलं अँबोरेला नावाचं झुडूप सपुष्प वनस्पतींच्या अगदी पहिल्या फाट्यावर ठेवलं, ते बरोबरच होतं. फाटा फुटला की दोन्ही फांद्यांचं वय सारखंच. अँबोरेला कुणाची आजी नव्हे, दूरची बहीण. एखादा गुण जुना असेल; आज जिवंत असलेलं झाड जुनं कसं?

आणि कपाशीच्या धुऱ्यावरचं, सूर्यफुलाच्याच कुळातलं गाजरगवत मी 'सर्वांत प्रगत' म्हणून दाखवायचो. त्याच्या एकेका बोंडीत बी धरतात ती कडेची पाचच फुलं. मधली नुसते पराग देतात. ही चढण म्हणावी की उतरण?

खरं सांगतो, शिडी मला प्रिय होती, कारण शिकवताना मी तिच्या वरच्या पायरीवर उभा असायचो. कुमुदिनी आणि गाजरगवत यांत प्रगत कोण, या प्रश्नाला एका मुलानं पेपरात एवढंच लिहिलं होतं, "दोन्ही आजच्याच वनस्पती." मी लाल फुली मारली. त्याचं नाव आठवत नाही. अक्षर आठवतं, गोल आणि सावकाश लिहिलेलं.