घरचा दारवान, परका पाहुणा

संगणकाच्या जगात 'सर्व्हर' या शब्दाभोवती उगाच एक गूढ वलय निर्माण झाले आहे. वास्तविक तो एक दारवान. बाहेरून हाक आली की दार उघडावे, निरोप समजून घ्यावा, तो आत पोचवावा आणि उत्तर घेऊन परत यावे, एवढेच त्याचे काम. आत बसून उत्तर तयार करणारी जी व्यवस्था असते तिला आम्ही 'फ्रेमवर्क' म्हणतो. बहुतेक लोक या दोन्ही वस्तू तयार आणतात आणि सुखाने झोपतात. माझेही मत तेच आहे. परंतु आमच्याकडचा दारवान घरचा होता.

मी ज्या लहानशा कारखान्यात नोकरी करतो तेथे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर देखरेख ठेवणारी यंत्रे बनतात. त्यांतील सर्व्हरचे इंजिन आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'सी' भाषेत स्वतःच्या हाताने लिहिले होते. आम्ही सारे त्यांना 'सर' म्हणतो. एकच अखंड फेरा, त्यात पंपाकडून येणारे आकडे वाचायचे, टाकीतली पातळी पाहायची आणि जाता जाता कोणी काही विचारले तर उत्तर द्यायचे. टाकी रिकामी झाल्याचे कळायला उशीर झाला तर पंप कोरडा फिरतो, मोटर जळते आणि वस्तीचे पाणी बंद पडते. म्हणून त्या फेऱ्याला क्षणभरही थांबण्याची मुभा नव्हती.

पुढे ग्राहकांना मोबाइलवर अहवाल हवे झाले, केंद्रांची नावे मराठीत हवी झाली. 'सी'मध्ये अशी पाने लिहिणे म्हणजे सुईने विहीर खणणे. मला पायथॉनमधील 'फ्लास्क' ही २०१० साली आलेली सुटसुटीत चौकट वापरायची होती. वरिष्ठांचा कल जुने इंजिन टाकून देण्याकडे होता. सरांच्या निवृत्तीला एक वर्ष उरले होते. ते एवढेच म्हणाले, "तुझा पायथॉन विचार करीत बसला, तर माझा पंप कोण पाहील?" त्या प्रश्नाला उत्तर दिल्याविना पुढे जाता येत नव्हते.

एकेकाळी पायथॉनमध्ये चौकट निवडली की सर्व्हरची निवडही तिच्याबरोबर ठरून जाई. फिलिप एबी यांनी २००३ साली 'पेप ३३३' या टिपणात त्यावर तोडगा सुचवला. त्याचे नाव 'डब्ल्यूएसजीआय'. २०१० साली 'पेप ३३३३' या क्रमांकाने त्याची सुधारित आवृत्ती निघाली. करार अगदी साधा आहे. इंजिनाने विनंतीची सारी माहिती एका कोशात भरून द्यावी, सोबत उत्तराचा मथळा कळवण्यासाठी एक फलन द्यावे. चौकटीने मजकूर बाइटांच्या तुकड्यांनी परत करावा. पहिला भरीव तुकडा हाती येईपर्यंत मथळा पाठवायचा नाही, कारण तोवर चौकटीचा विचार बदलू शकतो. शेवटी मजकूर मिटवण्याची सोय चौकटीने दिली असेल, तर मध्येच काही बिघडले तरी ती वापरायचीच. दारवान कोणीही असो, पाहुणा कोणीही असो, हा शिष्टाचार पाळला की दोघांचे जमते.

मराठीने मात्र आमची परीक्षा पाहिली. या करारानुसार पत्त्यातील बाइट लॅटिन अक्षरे असल्यासारखे चौकटीच्या हाती द्यावे लागतात. चौकट ते पुन्हा उलगडून त्यांचे मूळ रूप शोधते. आपल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट एकच असल्यामुळे, मधल्या अवस्थेत दर चिन्हामागे डावीकडे झुकलेली मात्रा ल्यालेला एक लॅटिन 'ए' उभा राहतो. पोर्तुगीज भाषेत हे अक्षर 'कडे' किंवा 'ला' या अर्थाने येते. वसईच्या माणसाला त्याची गंमत वाटल्यावाचून कशी राहील? चाचणीसाठी मी आमच्या बाजूच्या निर्मळचे नाव घेतले होते. उच्चारात तीन अक्षरे, पायथॉनच्या मोजणीत सहा चिन्हे आणि तारेवरून जाताना १८ बाइट. उत्तराची लांबी म्हणून बाइटांऐवजी चिन्हांची संख्या, म्हणजे ६ सांगितली, तर समोरच्याच्या पदरी केवळ 'नि' पडेल. म्हणून लांबी सांगताना इंजिनाने अक्षरांकडे पाहायचेच नाही, बाइट मोजायचे.

आता सरांचा प्रश्न. चौकटीला मुख्य फेऱ्यात बसवले असते, तर वर्षभराचा अहवाल तयार होईपर्यंत पंपाकडे कोणी पाहिलेच नसते. आम्ही चार स्वतंत्र कामकरी धागे निर्माण केले. मुख्य फेरा विनंती वाचतो, रांगेत ठेवतो आणि लगेच पंपाकडे वळतो. कामकरी धागा पायथॉनचे मोठे कुलूप घेतो, चौकटीला हाक मारतो आणि उत्तर तयार होताच एका नळीत एक बाइट टाकून मुख्य फेऱ्याला जागे करतो. मुख्य फेऱ्याने त्या कुलपाला कधीही हात लावायचा नाही, ही सरांची अट होती आणि ती योग्यच होती. रांगेलाही मर्यादा घातली. ती भरली की पुढच्याला ५०३ हा क्रमांक देऊन नम्रपणे परत पाठवायचे. अहवाल उशिरा मिळाल्याने कोणाचे पाणी तुटत नाही.

पायथॉनच्या २.५ या २००६ सालच्या आवृत्तीपासून त्यात या कराराचा एक तपासनीस सोबतच मिळतो. तो इंजिन आणि चौकट यांच्यामध्ये उभा राहून दोघांच्याही चुका दाखवतो. सरांनी तो स्वतः चालवून पाहिला, आलेल्या तक्रारी एकेक करून निस्तरल्या, आणि मग अहवाल पुन्हा पुन्हा मागवीत दिवसभर पातळीच्या नोंदी न्याहाळत बसले. एकही नोंद चुकली नाही.

सर आता निवृत्त झाले आहेत. गुप्तलेखनाचे काम आम्ही त्यांच्या इंजिनावर लादले नाही. त्यासाठी पुढे एक तयार सर्व्हर उभा केला आहे. त्यामागे त्यांचा फेरा अजून फिरतो. त्याची राखण हल्ली माझ्याकडे आणि एका तरुण सहकारी मुलीकडे आहे. ती सरांच्या 'सी'तील ओळींशेजारी मराठीत टिपा लिहीत चालली आहे. निम्म्याहून अधिक काम झाले आहे.