सहा-सात-आठ

स्कँडिनेव्हिया माझ्या यादीत कधीच नव्हता. शिरूरकरांचं पर्यटन म्हणजे आलेल्या पाहुण्यांना रांजणगावच्या महागणपतीला नेऊन आणणं. पण दौंडच्या आत्याने शाळेतून रिटायर झाल्यावर युरोपातला हा वरचा कोपरा बघायचाच असं ठरवलं. एकटीला खोली घेतली तर जादा पैसे पडत होते, म्हणून ‘ट्विन शेअरिंग’च्या दुसऱ्या पलंगावर भाचीची वर्णी लागली.

कोपनहेगनला कोचमध्ये चढले तेव्हा कळलं, पन्नाशीच्या आतली मी एकटीच. सगळे काका आणि काकू. माझं नाव दोन तासांत ‘बाळा’ पडलं आणि बॅगा वर टाकणं, मोबाइलमध्ये सिम बसवणं ही खाती माझ्याकडे आली. टूर मॅनेजरने माइकवरून सांगितलं, “उद्या सहा-सात-आठ.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी आत्याकडे बघितलं. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. शिवाय जागा रोज बदलणार, म्हणजे पुढची खिडकी कुणाच्या मालकीची होणार नाही. ही फिरती वाटणी मात्र मला फार आवडली. आपल्या लग्नाच्या वऱ्हाडातही लागू करावी.

शहरं बघायला आलोय असा माझा समज होता. शहरं भुर्रकन गेली. कोपनहेगनची जलपरी 1913 पासून पाण्याकाठच्या खडकावर बसली आहे, उंची जेमतेम सव्वा मीटर. “एवढीशीच?” असं एक काकू म्हणाल्या, तोवर फोटो स्टॉप संपला. रात्रीच्या बोटीने ऑस्लो. तिथल्या ऑपेरा हाउसच्या उतरत्या छपरावर लोक खुशाल चालतात, आम्हीही चाललो. विगेलंड पार्कात चौदा मीटरचा एकसंध ग्रॅनाइटचा खांब, त्यावर एकमेकांना बिलगलेली 121 माणसं. तिथे मला तासभर हवा होता. मिळाला नाही. संध्याकाळी सहाला भारतीय हॉटेलात जेवण, बाहेर लख्ख ऊन, आणि रात्री दहालाही उजेड. आत्या पडद्यांना कपड्यांचे चिमटे लावून झोपायची.

मग आला ऑस्लो ते स्टॉकहोमचा दिवस, पाचशे किलोमीटरच्या वर. वाटेत कार्लस्टाड लागतं आणि व्हेनर्न तलाव. हा तलाव आमच्या पुणे जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहून मोठा. घोड धरणाला ‘अफाट’ म्हणणारी मी त्यापुढे गप्पच झाले.

त्या दिवशी जेवणाची जागा थोडीच पुढे असताना ड्रायव्हरने बस एका पेट्रोल पंपावर घातली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून कॉफी घेतली. बसमध्ये कुजबूज सुरू झाली. “अजून वीस मिनिटं ओढली असती तर काय बिघडलं असतं?” टूर मॅनेजर शांतपणे म्हणाला, साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच. दिवसाला नऊ तास, आठवड्यात दोनदाच दहा. दोन दिवसांच्या मध्ये सहसा अकरा तास विश्रांती. हे सगळं बसमधल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं आणि पोलिस ते तपासतात. म्हणजे सहा-सात-आठचं गणितही आमच्या सोयीचं नव्हतंच. आदल्या रात्री बस किती वाजता उभी राहिली, यावर ते ठरायचं.

मी थक्क झाले, आत्या अजिबात नाही. आतोबा मालगाडीचे ड्रायव्हर होते. “ड्यूटी संपली की माणूस रनिंग रूममध्ये जाऊन झोपतो. दौंडात शेंबड्या पोरालाही माहीत आहे,” ती म्हणाली. मी मात्र नगर हायवेवर वाढले. पुण्याहून निघून रात्रभर पळणाऱ्या ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर चहाच्या टपरीवर डोळ्यांवर पाणी मारताना बघतच मोठी झाले. ती मला शूरपणाची गोष्ट वाटायची. आपल्याकडेही 1961 साली कायदा झाला होता: दिवसाला आठ तास, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. तो त्या टपरीपर्यंत पोचलेला मी तरी पाहिला नाही.

स्टॉकहोमला पोचल्यावर काही काकांना ‘शहराची एक चक्कर’ हवी होती. ड्रायव्हर हसून नाही म्हणाला आणि झोपायला गेला. जेवणाच्या टेबलावर त्याचा उद्धार झाला.

दुसऱ्या दिवशी वासा म्युझियम. सगळ्या सहलीत मला पुरेसा वेळ मिळाला तो इथे. वासा हे स्वीडनच्या राजाचं भलंमोठं युद्धजहाज, दोन मजले भरून तोफा. 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्याच सफरीवर निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता कलंडून बुडालं. वरचा भार जास्त, तळाचा कमी. गंमत म्हणजे हे आधीच कळलं होतं. तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली, तेव्हा जहाज इतकं हेलकावलं की चाचणीच थांबवावी लागली. पण लढाईत गुंतलेल्या राजाला जहाज तातडीने हवं होतं, आणि नको म्हणणारं कुणी निघालं नाही. 1961 मध्ये ते वर काढलं, तेव्हा लाकूड बरंचसं शाबूत होतं.

त्या अंधाऱ्या दालनात आदल्या रात्रीचे एक काका माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, “बाळा, आपला ड्रायव्हर बरा म्हणायचा.”

पंचविशीच्या आतल्यांनी ही सहल करावी का, असं शिरूरमध्ये मला विचारतात. शहरं बघायची असतील तर करू नका, रेल्वेचा पास काढा आणि एकेका गावात राहा. आत्या असेल तर जरूर करा.

आणि अष्टविनायकाच्या बस आमच्याच भागातून जातात, रांजणगावहून, दौंडवरून सिद्धटेककडे. आठही गणपती किती कमी वेळात उरकले, हे लोक अभिमानाने सांगतात. पुढच्या खेपेला बुकिंग करताना जेवणात कांदा-लसूण आहे का एवढंच विचारू नका. ड्रायव्हर किती आहेत आणि ते रात्री कुठे झोपणार, हेही विचारा.