काबा कुठे पळून जात होता?

माझा एक जुना विद्यार्थी दुबईत नोकरी करतो. गेल्या आठवड्यात रात्री त्याचा मेसेज आला. "सर, अम्मीला घेऊन भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर चाललोय. पहिलीच वेळ आहे. प्रत्येक बंदरात सात-आठ तासच मिळतात. बोटीवरून पटकन उतरायचं कसं, हे तुमच्या ओळखीत कुणाला माहीत आहे का?"

मला हसू आलं. बुलढाण्याच्या मास्तराला बोटीचा प्रश्न! आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. माझा आयुष्यातला समुद्रप्रवास म्हणजे शाळेच्या सहलीत गेटवेहून घारापुरीला लाँचने गेलो होतो, तेवढाच. पण मग आठवलं, बोटीवरून पटकन उतरण्याची एक गोष्ट आमच्या घरात आहे. ती अब्बांच्या अब्बांची, म्हणजे दादांची.

१९७७ साली दादा आणि दादी हजला गेले. तेव्हा गरीब माणसाचा हज बहुधा बोटीनेच व्हायचा. बुलढाण्याहून एसटीने राजूर घाट उतरून मलकापूर, तिथून रेल्वेने मुंबई, मग मुसाफिरखान्यात मुक्काम आणि गोदीतून बोट. आठवडाभर पाणीच पाणी. बरोबर पत्र्याची पेटी, तीत तांदूळ, डाळ, लोणचं. यलमलम जवळ आल्याची सूचना झाली की सगळे एहराम बांधत आणि 'लब्बैक' सुरू होई.

जिद्दा दिसलं त्या पहाटे, दादा सांगायचे, सगळी बोट शिडीच्या तोंडाशी गोळा झाली. शिडी लागायला अजून दोन तास होते, पण बसायला कुणी तयार नाही. दादा शेतकरी, अंगाने दणकट. पेटी खांद्यावर, दादीचा हात हातात. शिडी लागल्याबरोबर त्यांनी खांदा घातला. मधे एक म्हातारा होता, त्याला कोपर लागलं आणि तो खाली बसला. दादांनी ते पाहिलं, पण थांबले नाहीत. धक्क्यावर उतरले, मागे वळून पाहिलं, तर दादी नाही. हात कुठे सुटला, तेही कळलं नव्हतं.

गंमत अशी की दोघांचे कागद दादीच्या बटव्यात होते. कागदांशिवाय पुढे जाता येईना, परत शिडी चढू देईनात. दादा उन्हात पेटीवर बसून राहिले. दोन तासांनी दादी उतरली, जवळजवळ शेवटी. तिच्या खांद्यावर तोच म्हातारा हात टेकून चालत होता.

दादांनी रागाने विचारलं, इतका वेळ कुठे होतीस? दादी आमच्या वऱ्हाडी मुसलमानी बोलीत एवढंच म्हणाली, "इत्ती घाई कायकू? काबा कहीं भाग रहा था क्या?"

दादा खजील झाले. एहरामात भांडणतंटा वर्ज्य, जुंसुद्धा मारायची नाही, आणि यांनी अल्लाहच्या घराकडे जाताना एका म्हाताऱ्याला पाडलं होतं. माफी मागायला वळेपर्यंत तो त्याच्या माणसांबरोबर निघून गेला. मक्केत, मिनामध्ये, अरफातच्या मैदानात दादांनी त्याला शोधलं. लाखोंच्या गर्दीत कुठे सापडणार? ते शेवटपर्यंत म्हणायचे, "हज कुबूल झाला की नाही ते अल्लाह जाणे. त्या माणसाची माफी राहून गेली."

त्यांच्याही आधीच्या पिढ्यांना घाई करायची सोयच नव्हती. जिद्द्याच्या किनाऱ्याजवळ प्रवाळाचे खडक, म्हणून मोठ्या बोटी लांबच नांगर टाकत आणि हाजी सांबूक नावाच्या शिडाच्या होड्यांतून किनाऱ्याला लागत. त्याआधी लाल समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनसाठी उतरावं लागे. तिथे अंघोळी, कपड्यांना वाफ, मग पुढची परवानगी. १९९५ नंतर मुंबईहून हजची बोट बंद झाली. आता आमचे लोक विमानाने जातात. पण विमानाची चाकं टेकली रे टेकली की सगळे उभे राहून डोक्यावरच्या बॅगा ओढू लागतात. दार अजून उघडलेलंच नसतं!

विद्यार्थ्याला रिकामा उपदेश नको, म्हणून क्रूझ केलेल्या एका नातेवाइकाला फोन केला आणि कळलं ते त्याला लिहिलं. बोट धक्क्याला लागली तरी तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कुणालाच उतरवत नाहीत, त्यामुळे दाराशी आधीपासून उभं राहून काही मिळत नाही. सँटोरिनीसारख्या ठिकाणी मोठी बोट समुद्रातच थांबते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात, म्हणजे सांबूकच! तिथे साधारणपणे बोटीकडून सहल घेतलेल्यांना आधी सोडतात, बाकीच्यांना नंबर मिळतो. तो नंबर नाश्त्याआधी घेऊन ठेव. रोमचं बंदर रोममध्ये नाहीच, ते सिव्हिटावेक्कियाला, सुमारे ७० किलोमीटरवर. तिथे उतरताना वाचवलेल्या दहा मिनिटांपेक्षा आगगाडीचं वेळापत्रक महत्त्वाचं. परत चढण्याची वेळ लिहून ठेव, कारण स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्यांसाठी बोट थांबत नाही. आणि पहिला लोंढा ओसरला की अर्ध्या-पाऊण तासात शिडी मोकळी होते. अम्मीचे गुडघे दुखतात ना? मग ती तुमची वेळ.

खाली दादांची गोष्टही लिहिली. बराच वेळ उत्तर नव्हतं. मग आलं, "सर, अम्मीला वाचून दाखवली. ती म्हणाली, कागद माझ्याच पर्समध्ये राहू दे."

बोटीने हज केलेली पिढी आता थोडी उरली आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्यापाशी बसा, विचारा, लिहून घ्या. माझ्या दादांना मी त्या म्हाताऱ्याचं गाव विचारलं नाही. त्यांना ते माहीत होतं का, हेही आता कळायला मार्ग नाही. ती घाई माझी होती.