तांब्याचा काठ

चित्रकलेच्या वर्गात स्टुलावर पितळी तांब्या, शेजारी एखादं वांगं, खाली घडी मोडलेलं कापड. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्राला अशाच मांडणीसमोर बसल्या. साताऱ्याला आठवीत असताना तीही बसली. आधी मधली उभी रेषा, मग दोन्ही बाजू सारख्या, मग तोंडाचं लंबवर्तुळ, हा क्रम तिला तोंडपाठ होता. ‘बी’ ग्रेड मिळाली. पुढं इंटरमिजिएटही झाली. लंबवर्तुळ नेमकं किती उघडं काढायचं आणि का, हे मात्र समजायचं राहून गेलं, आणि दहावीच्या वर्षी चित्रकलेची वही माळ्यावर गेली.

मग विज्ञान शाखा, नोकरी, पुण्यातला संसार. पेन्सिल हातात यायची ती मुलीच्या प्रकल्पवह्यांपुरती. चित्र काढावंसं वाटायचं, पण क्लासची फी आणि संध्याकाळची वेळ यांचा मेळ बसत नव्हता. चाळिशी उलटल्यावर तिला इंटरनेटवरचे फुकट धडे सापडले.

फुकट म्हणजे किती! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ साली कलाकृतींची ३ लाख ७५ हजार छायाचित्रं कुणालाही वापरायला मोकळी केली. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर रेम्ब्रांटच्या रेखाटनातली एकेक रेघ मोठी करून पाहता येते. शिवाय यूट्यूबवर न संपणारे व्हिडिओ. या भांडारात नवखा माणूस महिनोन्‌महिने नुसता पाहत राहू शकतो, आणि पाहिलं की शिकल्यासारखं वाटतं. खरा धोका हाच. तिनं एकच धडेमाला धरली आणि तीच पुरी करायची ठरवली.

ती माला म्हणजे इर्शाद करीम यांची ‘ड्रॉ-अ-बॉक्स’. खोडरबर नाही, पेन्सिलही नाही. बारीक टोकाचं शाईचं पेन घ्यायचं आणि हात मनगटातून नव्हे, खांद्यातून फिरवायचा. लंबवर्तुळ काढताना पेन आधी कागदाच्या वर हवेत फिरवायचं, हाताला वळण सापडलं की टेकवायचं आणि न उचलता त्याच वाटेवरून दोनदा फिरवायचं. सुरुवातीला दोन फेऱ्या एकमेकींना धरूनच राहत नाहीत. कडेला टोकं निघतात, लंबवर्तुळाची बदामाची बी होते. हात संथ ठेवला तर रेघ थरथरते, जोरात नेला तर चौकटीबाहेर जाते. तिची पानंच्या पानं अशी भरली. करीम यांचा आणखी एक नियम तिला फार आवडला: चित्रकलेला दिलेल्या वेळातला निम्मा वेळ केवळ आनंदासाठी, मनाला येईल ते काढण्यात घालवायचा.

त्याच सुमारास तिनं घरातला तांब्या ओट्यावर ठेवला आणि खाली बसून काठ डोळ्यांच्या रेषेत आणला. तोंड नाहीसं झालं. उरली एक आडवी रेघ. हळूहळू उभी राहिली तसं तोंड उघडत गेलं. बूड तर डोळ्यांपासून आणखी खाली, म्हणून त्याचा गोल तोंडापेक्षा जास्त उघडा. शाळेत सगळ्यांचे तांबे सपाट बुडाचे यायचे, कारण टेबल सपाट आहे हे डोक्याला माहीत होतं आणि डोळ्याला कुणी विचारत नव्हतं.

डोळ्याला विचारायला सांगणारं एक जुनं पुस्तक तिला प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळालं, जॉन रस्किनचं ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’. लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात कामगारांना चित्रकला शिकवणाऱ्या रस्किननं ते नवशिक्यांसाठी लिहिलं. साल १८५७, मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं तेच. पहिला अभ्यास काय, तर बारीक रेघांनी एक छोटा चौकोन सगळीकडे सारखा भरायचा. पुढं एक साधा गोटा समोर ठेवून काढायचा. इतका रुक्ष अभ्यास आज कुणी देणार नाही. पण छाया म्हणजे काय हे तिच्या हाताला कळलं ते त्या चौकोनात.

आपलं वय झालं असं वाटलं की ती व्हॅन गॉगकडं वळते. १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियमच्या कोळसा खाणींच्या भागात राहून त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं. शार्ल बार्गच्या अभ्यासचित्रांचे तक्ते त्यानं उसने मागवले आणि एकामागून एक नकलून काढले. काही पुन्हा नकलले. नक्कल म्हटलं की आपल्याकडं नाक मुरडतात. इथं नक्कल हीच मास्तर होती.

फुकट धड्यात एक उणीव राहतेच: शेजारी उभं राहून चूक दाखवणारं कुणी नसतं. त्यावर ती चित्र आरशासमोर धरते. उलटं दिसलं की कललेला तांब्या लगेच ओळखू येतो. लिओनार्दोनंही आपल्या टिपणांत चित्रकारांना आरशाचा सल्ला दिला आहे.

शिवाय आता सोबतही आहे. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकारानं २००७ साली सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ची मंडळी पुण्यातही जमतात. प्रत्यक्ष जागेवर बसून काढायचं आणि शेवटी सगळ्या वह्या एकत्र मांडून पाहायच्या. महात्मा फुले मंडईचा मनोरा तिला बऱ्यापैकी साधतो. गाळ्यांवरच्या टोपल्या, तराजूची पारडी, सगळीकडं लंबवर्तुळंच. तीही आता तिचं ऐकतात. भाजीवाल्या मावशी मात्र क्षणभर स्थिर बसत नाहीत, आणि त्यांचे हात अजून हातमोज्यांसारखे येतात. म्हणून सध्या तिनं हातांचे धडे काढले आहेत. रोज जेवणानंतर स्वतःचाच डावा हात समोर धरून.