शेतात जुना रुपया सापडला तर…



नांगराच्या फाळाला किंवा पांढरीची माती भरताना कुदळीला चांदीचे नाणे लागणे, हे आपल्याकडे नवलाचे नाही. पूर्वी खेड्यात बँक नव्हती. चोराचिलटांच्या भीतीने लोक शिल्लक गाडग्यात घालून भुईत पुरत. पुरणारा गेला की ठिकाणही त्याच्याबरोबर जाई. आता धातू शोधण्याची यंत्रे आली आहेत. पीकपाहणीला गेलो की तरुण मंडळी खताच्या आधी मला त्या यंत्राचेच विचारतात.

यंत्राची करामत साधी आहे. त्याच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळवली की चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातू आला की यंत्र वाजते. पण बैलाच्या नालेचा खिळा आणि डब्याचा पत्रा यांनाही ते वाजते. सुटे नाणे फार तर वीतभर खोलीपर्यंत कळते. तेव्हा दहा हात खोलीवरचे सोने दाखवण्याची बात कोणी केली, तर त्याला वेशीवरूनच परत पाठवा. किल्ला, लेणी अशा संरक्षित जागी तर परवानगीशिवाय खणणे हा गुन्हाच आहे.

"साहेब, कळवले की सगळे सरकारजमा," असे पारावर ठासून सांगतात. कायदा तसे म्हणत नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि कोषागारात जमा करायचे, नाहीतर हजर करण्याची हमी द्यायची. चौकशीत कोणाची मालकी ठरली नाही आणि आपसात वेगळा करार नसला, तर ज्याला सापडले त्याला तीन हिस्से व जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो. सरकारने धन स्वतःकडे ठेवले तरी धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. लपवले तर मात्र वाटा जातो आणि वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

लपवलेले नाणे शेवटी सोनाराच्या मुशीत जाते. माझ्या पाहण्यातल्या एका घरी असे झाले. मोडीचे पैसे वर्षात संपले, दोन भावांतला अबोला मात्र टिकला.

नाणे वितळले की त्याची साक्षही वितळते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. ती क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केल्याचा धडधडीत पुरावा त्या ढिगाने दिला.

म्हणून नाणे सापडले तर चिंचेने किंवा राखेने घासू नका. गाडगे फुटके असले तरी जपून ठेवा. गट नंबर, जागा आणि तारीख लिहून घ्या. घरातल्या शिकलेल्या मुलीकडून अर्ज लिहवून घ्या, आणि तो दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.