उभ्या वाहनाची निगा

शासकीय कार्यालयातील नोंदवह्या पाहिल्या की त्यांत वस्तूच्या आयुष्याच्या चार अवस्था आढळतात : खरेदी, वाटप, दुरुस्ती आणि निर्लेखन. वाहनांसाठी लॉगबुक असते. त्यात किलोमीटर, इंधन आणि प्रवासाचे प्रयोजन लिहिले जाते. सामान्य वित्तीय नियम, २०१७ यांनुसार स्थायी मालमत्तेची वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी लागते; म्हणजे वस्तू जागेवर आहे की नाही, हे पाहिले जाते. परंतु वस्तू जागेवर आहे आणि चालत नाही, केवळ उभी आहे, या अवस्थेसाठी आपल्याकडे रकाना नाही. जे वाहन धावत नाही त्याचे किलोमीटर वाढत नाहीत, आणि किलोमीटर वाढले नाहीत की देखभालीची पाळीही येत नाही. उभे राहणे म्हणजे विश्रांती, असे आपण गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक किती चुकीचे आहे याचा प्रत्यय मला लडाखमधील नेमणुकीत आला. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. जानेवारीतील रात्री तेथे पारा उणे पंधरा-वीसपर्यंत उतरणे ही नित्याची गोष्ट. झोजिला पूर्वी अनेक महिने बंद राहत असे. अलीकडच्या वर्षांत सीमा सडक संघटनेने तो काळ काही आठवड्यांवर आणला आहे. तरीही ऑक्टोबर उजाडला की सारे गाव हिवाळ्याच्या बेगमीस लागते. कोकणात पावसाळ्यापूर्वी आगोटीची धांदल असते आणि घरे शाकारली जातात, त्याच जातीची ही धांदल. फरक इतकाच की तेथे पाण्यापासून बचाव करायचा असतो आणि येथे गोठण्यापासून. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. पुण्या-मुंबईतून थेट तेथे गेलेल्या माझ्यासारख्याला मात्र सारेच शिकावे लागले.

शिकण्याचे निमित्त ठरली एक मोटारसायकल. आमच्या कार्यालयातील एका तरुण अभियंत्याने सेकंडहँड घेतलेली ही गाडी साखळीऐवजी दातेरी पट्ट्यावर चालणारी होती. हा प्रकार आपल्याकडे तसा विरळा. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९८० साली आपल्या 'स्टर्जिस' या मोटारसायकलीत असा पट्टा आणला आणि पुढे तो त्यांच्या गाड्यांची ओळखच झाला. भारतात आता काही विजेवरच्या स्कूटरांनाही तो असतो. रबर किंवा पॉलियुरेथेनचा हा पट्टा वरून साधा दिसला, तरी त्याच्या पोटात अ‍ॅरामिड अथवा कार्बनचे अतिशय चिवट धागे असतात आणि सारा भार तेच वाहतात. त्याला तेल-वंगण लागत नाही, कपडे काळे होत नाहीत आणि तो साखळीपेक्षा बराच शांत चालतो. मात्र साखळीची कडी रस्त्याच्या कडेला बसून जोडता येते, तसा हा जोडता येत नाही. तो अखंड असतो. तुटला तर नवाच घालावा लागतो, आणि अनेक गाड्यांत त्यासाठी मागचा भाग उतरवावा लागतो. लेहमध्ये नवा पट्टा मागवायचा म्हणजे विमानाची किंवा खिंड उघडण्याची वाट पाहणे आलेच.

ऑक्टोबरच्या थंड सकाळी ही गाडी चिवचिवू लागली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासोबत एक बारीक चिरका आवाज येई आणि चार-पाच किलोमीटर गेल्यावर तो नाहीसा होई. अभियंत्याला तीन दिवसांत तीन सल्ले मिळाले : साखळीचे तेल फवारा, पट्टा आवळा, पट्टाच बदला. अखेर तो गावातील एका जुन्या मिस्त्रीकडे गेला. मीही सोबत होतो. सारे त्यांना 'अचो-ले' म्हणत, म्हणजे आपल्याकडचे 'दादा'. त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "आवाज केव्हा येतो?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण पट्ट्याच्या आवाजाचे सारे निदान त्यातच आहे. चाकाच्या फेऱ्याशी ताल धरून येणारी चिवचिव बहुधा पट्टा एका बाजूस सरकून पुलीच्या कडेला घासत असल्याचे, किंवा पुलीच्या एखाद्या भागावर गंज वा धूळ बसल्याचे सांगते. वेगाबरोबर चढत जाणारी सलग घरघर असेल तर पट्टा फाजील आवळलेला असण्याचा संभव. असा पट्टा गिअरबॉक्सच्या व चाकाच्या बेअरिंगचे आयुष्य खातो. जोर दिल्याबरोबर टकटक झाली तर पट्टा ढिला आहे आणि दाते उड्या मारत आहेत. करकर आली तर दातांत खडा अडकला आहे. तो वेळीच काढला नाही तर आतले धागे तुटतात. आणि थंड सकाळी येऊन थोड्या वेळात जाणारा चिरका आवाज बहुतेक वेळा केवळ कोरड्या घर्षणाचा असतो. पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडून तो तेवढ्यापुरता थांबला, तर निदान जवळजवळ पक्के होते.

अचो-लेंनी नेमके तेच केले. मग मऊ ब्रशाने व साबणाच्या कोमट पाण्याने पट्टा आणि दोन्ही पुल्या धुतल्या, कडेवरची दगडी धूळ काढली, चाक सरळ बसले आहे ना ते मोजले, दात्यांत चीर किंवा छिद्र नाही हे बोटाने चाचपून पाहिले. आवाज गेला. तेल का नाही, असे अभियंत्याने विचारले तेव्हा ते म्हणाले, "तेलाने आवाज आजच जाईल. पण तेलाला धूळ चिकटेल आणि तीच धूळ पट्टा खाईल. मग तुम्हाला ऐकूही येणार नाही."

आवाज बंद करणे आणि आवाजाचे कारण दूर करणे यांतील अंतर प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. आपल्याकडे तक्रार 'निकाली काढली' जाते. अर्जदाराला उत्तर गेले, प्रकरण बंद झाले, प्रलंबितांचा आकडा उतरला. तक्रार केव्हा येते, दर महिन्याला येते की एकाच मोसमात, एकाच गावातून येते की साऱ्या तालुक्यातून, हे विचारणारा अधिकारी विरळा. तो प्रश्न विचारल्याशिवाय दिलेले उत्तर म्हणजे पट्ट्यावर फवारलेले तेलच होय.

नोव्हेंबरात अभियंता रजेवर मैदानी प्रदेशात गेला आणि गाडी आमच्या आवारातील शेडमध्ये हिवाळ्यापुरती ठेवली गेली. ठेवण्यापूर्वी अचो-लेंनी करून घेतलेली कामे अशी : इंजिनाचे जुने तेल बदलले, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल व ओल महिनोन्महिने धातूवर बसून राहते. टाकी काठोकाठ भरली, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरायला वाव उरत नाही. बॅटरी काढून घरात ठेवली. शिसे-आम्लाची पूर्ण भरलेली बॅटरी उणे पन्नास अंशांच्याही खाली गोठत नाही. उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच, किंबहुना त्याआधीही गोठते आणि फुटते. मागचे चाक जमिनीपासून उचलून ठेवले, आणि पंधरवड्यातून एकदा ते हाताने थोडे फिरवावे असे सांगितले, कारण पुढच्या लहान पुलीवर पट्ट्याचा तोच तो भाग महिनोन्महिने वाकून राहणे चांगले नसते. वर प्लास्टिक न घालता कापडी आच्छादन घातले. प्लास्टिकखाली ओल कोंडते.

जानेवारीत चाक फिरवताना शेडमधील एका तरुण मदतनिसाच्या लक्षात आले की पट्टा लोंबू लागला आहे. त्याने पाना उचलला. अचो-लेंनी त्याला थांबवले. याचे कारण मोठे गमतीचे आहे. पट्ट्यातील धागे थंडीने जवळजवळ आखडत नाहीत; पण ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्विंगआर्मवर चाक बसलेले असते तो आखडतो. दोन पुल्यांमधील अंतर साठ-पासष्ट सेंटिमीटर आणि तापमानातील फरक चाळीस अंश धरला, तर हे आखडणे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. एवढ्याशा अंतरानेही पट्टा हाताला ढिला लागतो. या ढिलाईवरून तो जानेवारीत आवळला, तर मे महिन्यात धातू पुन्हा प्रसरण पावेल आणि पट्टा फाजील ताणला जाईल. "उणे अठरामध्ये घेतलेले माप खरे नसते," अचो-ले म्हणाले, "गाडी जेव्हा चालणार तेव्हाच्या हवेत माप घ्या." मे महिन्यात सावलीत, गाडी गार असताना, चाक फिरवून चार ठिकाणी ताण मोजला. तो पुस्तकात दिलेल्या मर्यादेत होता. पान्याला हातही लावावा लागला नाही.

आणीबाणीच्या मोसमात घेतलेल्या मापावरून कायमची व्यवस्था आवळून टाकण्याचा मोह आम्हा अधिकाऱ्यांना फार होतो. एखाद्या कठीण महिन्यात काढलेले परिपत्रक पुढे वर्षानुवर्षे लागू राहते आणि कोणती बेअरिंगे झिजत आहेत ते कोणाला कळत नाही.

त्याच जानेवारीत, गाडीशी संबंध नसलेली पण मला तिच्याहून वेगळी न काढता येणारी एक घटना घडली. एका दूरच्या आरोग्य केंद्रात रात्री वीज गेली तेव्हा एक महिला प्रसूत होत होती. जनरेटर सुरू होईना. परिचारिका व डॉक्टर यांनी टॉर्च आणि सौरदिव्याच्या उजेडात काम निभावले. आई व बाळ दोघेही सुखरूप राहिले. दुसऱ्या दिवशी मी नोंदवही मागवली. तीत सलग बारा सोमवारांच्या नोंदी होत्या : 'पाच मिनिटे चालवला. ठीक.' नोंदी खोट्या नव्हत्या. जनरेटर खरोखरच दर सोमवारी दुपारच्या उन्हात, कोणताही भार न जोडता, पाच मिनिटे चालवला जात होता.

बिघाड त्या पाच मिनिटांतूनच आला होता. थंडीत इंजिन सुरू करताना बॅटरीतून जेवढी वीज जाते, तेवढी पाच मिनिटांत परत भरत नाही. बारा आठवडे ती थोडीथोडी उतरत गेली आणि एका कडाक्याच्या रात्री गोठली. शिवाय टाकीत उन्हाळ्यातले साधे डिझेल होते. गारठ्यात त्यातील मेण साकळून फिल्टर तुंबला. उणे तेहतीस अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरपासून लडाखात आणले आहे, पण ते टाकीत भरायचे कोणी, हे कोणत्याही रकान्यात नव्हते. मोटारसायकलींच्या बाबतीतही हाच विधी घरोघरी चालतो. आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करून पाच मिनिटांत बंद केले की एक्झॉस्टमध्ये व तेलात पाणी धरते, ते उडून जाण्याइतके इंजिन तापत नाही आणि बॅटरीही उतरते. नीट चालवायची असेल तर पुरेशी तापेपर्यंत चालवावी, नाहीतर सुरूच करू नये. अर्धवट केलेली काळजी नोंदवहीत मात्र पूर्ण दिसते.

आम्ही नोंदवहीचा नमुना बदलला. 'ठीक' हा शब्द काढून टाकला. सुरू करण्यापूर्वीचे बॅटरीचे व्होल्ट, भार जोडून चालवल्याची मिनिटे, हिवाळी डिझेल भरल्याची तारीख, असे तीन रकाने घातले. चौथा रकाना होता 'आवाज'. आमच्या कार्यालयीन अधीक्षकांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, "साहेब, आवाजाचे एकक काय लिहायचे?" मी म्हणालो, "एकक नको. जे ऐकू आले ते लिहायचे."

पहिल्या काही आठवड्यांत त्या रकान्यातही 'ठीक' असेच येत राहिले. सवय लवकर जात नाही. मग हळूहळू शब्द येऊ लागले : 'आधी खरखर, नंतर साफ', 'पट्टा ओरडतो, गरम झाल्यावर थांबतो', 'सुरू होताना आवाज जड'. ही शेवटची नोंद फेब्रुवारीत एका दुसऱ्या केंद्रातून आली. अचो-लेंना दाखवली तेव्हा ते म्हणाले, बॅटरी जाते आहे. ती त्याच आठवड्यात बदलली. पुढच्या बर्फवृष्टीत त्या केंद्राची वीज दोन दिवस नव्हती आणि जनरेटर दोन्ही दिवस चालला. याची बातमी झाली नाही. बंद न पडलेल्या यंत्राची होतही नाही.

माझी बदली झाली तेव्हा नव्या अधिकाऱ्याकडे कार्यभार सोपवताना जी यादी दिली, तीत या नोंदवह्यांचा वेगळा उल्लेख केला. रकाना टिकला आहे की नमुना पुन्हा सुटसुटीत करण्यात आला, याची मी अद्याप चौकशी केलेली नाही. येत्या ऑक्टोबरात, बेगमीच्या दिवसांत, एक पत्र लिहून ती करणार आहे. सोबत हिवाळी डिझेलचीही.